पडवीतला बैलबाजार

बाई लहान मुलांना अहो-जाहो करायच्या आणि मोठ्या माणसांना अरे-तुरे. रस्त्यात एखादं शेंबडं पोर भेटलं तर थांबून विचारायच्या, "काय, जेवण झालं का आपलं?" त्याच्या मागून सत्तरीचा आजोबा आला तर त्याला, "काय रं, काठी कुठं विसरलास?" पोराला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आजोबा मात्र थबकायचा, इकडंतिकडं बघायचा आणि काठी खरंच कुठं राहिली ते आठवायला लागायचा. मी बाईंना जवळजवळ वर्षभर पाहिलं. त्यांच्यावर एक अहवाल लिहिला, त्यांचा वर्ग बंद पडायला कारण झालो, आणि तरीही त्या मला कळल्या असं आजही म्हणवत नाही.

नव्वदनंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. गावोगाव साक्षरतेची मोहीम चालू होती. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो. तालुक्याच्या साहेबांनी घोडेगावच्या आसपासच्या आठ गावांतले प्रौढांचे वर्ग माझ्याकडे सोपवले. सायकलवरून फिरायचं, हजेरी बघायची, पाट्या-पुस्तकं पोचवायची आणि महिन्याच्या शेवटी कागद भरून द्यायचे, एवढंच काम. सात गावांतले वर्ग एका साच्यातले होते. पिवळ्या दिव्याखाली पेंगणारी माणसं, फळ्यावर 'कमळ', आणि माझ्या सायकलचा आवाज ऐकून जागा होणारा शिक्षक. आठव्या गावात बाई होत्या.

बाई पन्नाशीच्या. उंच, काटक, चालताना पुढं झुकलेल्या. बालवाडीत पंचवीस वर्षं काढून त्या नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. शेजारच्या गावच्या बौद्ध वस्तीत भावाकडं राहायच्या आणि रोज दिवस कलताना चालत यायच्या. खांद्याला कापडी पिशवी. वाटेत दिसेल ते त्या पिशवीत जायचं: तुटकी स्लिपर, दोऱ्याचं रिकामं रीळ, सायकलचा स्पोक, बाभळीचे काटे. काटे मात्र त्या वेगळ्या डबीत ठेवायच्या आणि डबी हाताला लागते का ते अधूनमधून चाचपायच्या, दुसऱ्या बायका गळ्यातली पोत चाचपतात तशा.

मी पहिल्यांदा त्यांच्या वर्गावर गेलो तेव्हा ग्रामपंचायतीच्या पडवीत वीसबावीस माणसं खाली मान घालून बसलेली दिसली. मला बरं वाटलं. म्हटलं, इथं अभ्यास चाललाय. जवळ जाऊन बघतो तर कुणाच्याच पुढं पाटी नाही. एक मिशाळ गडी वाटी उपडी ठेवून स्लिपरच्या रबरावर गोल आखत होता. दोन बायका ज्वारीचं धाट सोलत होत्या. साल एकीकडं, आतलं पांढरं भेंड एकीकडं. एक जण सालीच्या काड्या भेंडात खुपसून बैलगाडीचा साटा, म्हणजे वर बसायची चौकट, तयार करत होता आणि त्याचा शेजारी, असा नसतो साटा, असं त्याला पुन्हा पुन्हा सांगत होता.

मी बाईंना विचारलं की पुस्तकं कुठं आहेत. त्यांनी माझ्याकडं न बघता हातातलं धाट पुढं केलं.

"धर जरा."

मी धरलं. त्यांनी त्याला काटा टोचला. मग दुसरं टोक धरायला लावलं. मग चाक. मी हजेरीचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की आस वाकडा होतोय, नीट धर. तासाभरानं मी उठलो तेव्हा माझ्या हातात एक गाडी होती, चाकं फिरणारी, जू असलेली, आणि हजेरीचं पुस्तक पिशवीतून निघालंच नव्हतं. बाईंची ही सवयच होती. अवघड प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात त्या काहीतरी द्यायच्या, आणि ज्याचा हात गुंतला त्याचा प्रश्न सुटून जायचा.

परतताना ती गाडी सायकलच्या दांडीला बांधली होती. कच्च्या रस्त्यावर चाकं आपोआप फिरत होती आणि मी पुढं बघायचं सोडून तिच्याकडं बघत होतो. आमचं गाव जवळ आलं तसं मला लाजल्यासारखं झालं. घरी वडील रोज नोकरीचं विचारायचे. त्यांच्यासमोर काय ही गाडी घेऊन उभा राहणार? मी ती कालव्याकडेच्या उसात फेकून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं जाऊन शोधली. सापडली नाही. शोधायला का गेलो, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

पडवीत बाईंचा एकच नियम होता. पायरी चढून आत आलं की सगळे सात वर्षांचे. म्हणजे अहो नाही, जी नाही, दादा-वहिनी नाही. सुरुवातीला बायकांची जीभ वळायची नाही. त्या पदर तोंडात धरून हसायच्या, आणि पुरुष भिंतीकडं बघायचे. पण बाई स्वतःच सगळ्यांना अरे-तुरे करत असल्यामुळं ते हळूहळू रुळलं. अक्षरं कधी शिकवणार, असं मी दर खेपेला विचारायचो. एकदाच त्यांनी सरळ उत्तर दिलं.

"हाताला लाज असती. ती गेल्याबिगर त्याला पाटी दिली तर हात पाटीलाच भितो. आधी लाज जाऊ दे."

मला ते पटलं. मग घरी जाऊन वाटलं की बाई वेळ काढतायत. पुढच्या आठवड्यात पुन्हा पटलं.

त्या वर्गातली दोन माणसं सांगायला हवीत. एक तात्या. गावातले मोठे बागायतदार, साठी उलटलेली, करारी चेहरा. शाळेत कधी गेले नव्हते आणि त्यामुळं त्यांचं काही अडलंही नव्हतं. मुलानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्यांची बैलजोडी घोडेगावच्या बाजारात विकली गेली होती, आणि तेव्हापासून बापलेकांत कामापुरतंच बोलणं होतं. तात्या पडवीत आले ते, हे काय चाललंय, असं दरडावून विचारायला. बाईंनी त्यांना रबर कापायला दिलं.

दुसरी हौसा. त्याच गावच्या बौद्ध वस्तीतली, चाळिशीची, तात्यांच्याच शेतावर रोजानं खुरपायला जाणारी. पहिल्या दिवशी बाईंनी तिला विचारलं की लहानपणी काय खेळायचीस. हौसा बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली की धाकटा भाऊ कडेवर असायचा, तो उतरला तर बहीण आली, ती उतरली तर लग्न झालं. "कड रिकामी झालीच न्हाई बाई," असं ती अगदी साधेपणानं म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे. बाईंनी त्या दिवशीचं सगळं सामान हौसापुढं ओतलं.

मातीचे बैल करायची कल्पना कुणाची ते मला माहीत नाही. पोळ्याला घरोघर करतात तसे बैल. पण पडवीत ते पोळा होऊन गेल्यावर सुरू झाले आणि थांबेनात. विहिरीच्या कडेची चिकणमाती आणून माणसं रोज नवे बैल घडवायची. खोंड, गोऱ्हे, म्हाताऱ्या गाई, एक आंधळी म्हैस. महिनाभरात भिंतीलगत पन्नाससाठ जनावरं उभी राहिली. आणि मग एका संध्याकाळी बाईंनी जाहीर केलं की आज बाजार.

मी त्या दिवशी हजर होतो. घोडेगावच्या बाजारात वाढलेली ती माणसं. सौदा कसा करतात ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पडवीभर दावणी आखल्या गेल्या. दलाल उभे राहिले. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसून एकमेकांचे हात उपरण्याखाली घ्यायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे, बाकीच्यांना कळू न देता, खऱ्या बाजारात करतात तसंच. फरक इतकाच की इथं बैल वीतभर उंचीचा होता.

तात्यांनी एक बैल आणला होता. त्याचं डावं शिंग खाली वळलेलं होतं. ते चुकून तसं झालेलं नव्हतं. तात्यांनी तीन दिवस खपून ते वळवलं होतं. त्यांच्या विकलेल्या ढवळ्याचं शिंग तसंच होतं, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हौसा त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं बैलाच्या तोंडात बोट घालून दात तपासले.

"तात्या, तुजा बैल म्हातारा हाय."

"म्हातारा न्हाई. जाणता हाय."

"मागच्या पायानं लंगडतो."

"त्यो लंगडत न्हाई, हौसे. नाचतो."

पडवी हसली. हौसा हसली नाही. ती खऱ्या गिऱ्हाइकासारखी तोंड वाकडं करून उठली, चार पावलं गेली, आणि तात्यांनी हाक मारल्यावर परत आली. मग उपरणं टाकलं गेलं. त्या दोघांचे हात त्याखाली होते. तात्यांच्या शेतावर हौसा पाणी प्यायची ते ओंजळीनं, वरून ओतलेलं. ते मी पाहिलेलं होतं, आणि तेव्हा मला त्यात नवल वाटलं नव्हतं. आत्ता उपरण्याखाली त्यांची बोटं एकमेकांना दाबत होती, आणि दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलत होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला बघत राहावं की नाही ते कळेना.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. तात्यांचा मुलगा पायरीशी उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक.

"तात्या, घरी चला," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता.

तात्यांनी मान वळवली नाही. "थांब. माझा सौदा व्हायचाय."

सगळे थांबले. मुलगाही थांबला. सौदा झाला. हौसानं बैल उचलून पदराखाली घेतला. तात्या उठले, कोपरापर्यंत चिखल तसाच ठेवून मोटारसायकलवर मागं बसले, आणि मुलाच्या पांढऱ्या शर्टाला मातीचे हात लागू नयेत म्हणून दोन्ही हात हवेत धरून गेले.

चारच दिवसांनी तालुक्याला तक्रार आली. बाई अक्षरं शिकवत नाहीत, म्हाताऱ्या माणसांना पोरखेळ करायला लावून गावात हसं करतात, असं तिच्यात होतं. खाली सात-आठ सह्या. उपरण्याचा किंवा हौसाचा त्यात उल्लेख नव्हता. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की आठ दिवसांत जाऊन तपासणी कर आणि अहवाल दे.

मी गेलो. पडवीत तात्या सोडून सगळे होते. तेही थोड्या वेळानं आले, चालत. मी पाट्या वाटल्या आणि म्हटलं, येतं ते लिहा. पुढं जे झालं त्यानं मी आणखीच गोंधळात पडलो. हौसानं लिहिलं: चाक. काटा. आस. जू. एका गड्यानं 'स्लिपर' लिहिलं होतं, जोडाक्षरासकट. तात्यांनी खूप वेळ घेतला. त्यांच्या पाटीवर एकच शब्द होता, 'ढवळ्या', आणि त्यातल्या 'ढ'ला त्यांनी कारण नसताना एक वळण जास्त दिलं होतं. बाईंनी ही अक्षरं कधी शिकवली होती? मी इतक्या वेळा येऊन गेलो, मला एकदाही दिसलं नव्हतं.

पण माझ्या हातातल्या छापील कागदावर पहिला प्रश्न होता: स्वतःचे नाव लिहिता येते काय? मी तो विचारला. बावीसपैकी चार जणांना आलं. हौसाला आलं नाही. तात्यांना आलं नाही.

मी बाईंना बाजूला घेऊन विचारलं की निदान नावं तरी का शिकवली नाहीत. त्या म्हणाल्या, "कुणी मागितलंच न्हाई. मागतील तवा देईन." त्यांना माझ्या प्रश्नाचं खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

तिथंच दिव्याखाली बसून मी कागद भरला. नाव लिहिता येते, चार. येत नाही, अठरा. पुस्तक पूर्ण, शून्य. उजवीकडं शेऱ्याचा रुंद रकाना होता. तिथं मला लिहिता आलं असतं की या माणसांना इतर शब्द येतात. कोणते ते लिहिता आलं असतं. मी पेन टेकवलं होतं. पण नेमकं काय लिहायचं? की एका बागायतदारानं त्याच्या मजूर बाईला मातीचा बैल विकला? आणि ते चांगलं झालं की वाईट, हे साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं? मी तो रकाना कोरा सोडला. कागदावर एकही शब्द खोटा नव्हता.

बाईंनी अहवाल वाचला. मला वाटलं होतं त्या भांडतील. मी तयारीत होतो, त्यांनी भांडावं असं मला वाटतही होतं.

"खरं लिहिलंयस," एवढंच म्हणून त्यांनी सही केली. मग कागदांमधला निळा कार्बन काढून विचारलं, "ह्यो तुला लागतो का रं? न्हाई तर मला दे." मी दिला. त्याचं त्यांनी काय केलं ते मला कळलं नाही, कारण पुढच्या महिन्यापासून तो वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडं गेला.

नवा शिक्षक मन लावून शिकवणारा होता, हे सांगायला हवं. त्यानं दोन महिन्यांत सगळ्यांना नावं शिकवली. हौसानं रेशन दुकानात अंगठ्याऐवजी सही केली आणि आठ दिवस ती ताठ मानेनं चालत होती, असं मला तिच्या शेजारणीनं सांगितलं. मग बाईंचं चुकलं होतं का? त्याच हौसाला मी वाटेत भेटलो तेव्हा ती म्हणाली की वर्ग चांगला आहे, पण आता तिथं बसलं की पाय आखडतात. तात्या त्या वर्गाला कधीच गेले नाहीत.

वर्षभरानं तात्यांचा मुलगा मला घोडेगावला रस्त्यात भेटला. चहाला चल म्हणाला. चहा संपेपर्यंत इकडचंतिकडचं बोलत राहिला. मग बशीकडं बघत त्यानं विचारलं की त्या बाई आता कुठं असतात. तात्या दिवसभर ओट्यावर बसून असतात, बोलत नाहीत, जेवण मागत नाहीत. "मी काय वाईट म्हणून केलं न्हाई," तो म्हणाला. "बापाला लोक हसत्यात असं वाटलं. त्यो स्वतः हसत हुता, ते मला दिसलंच न्हाई." बाई भावाचं घर सोडून बहिणीकडं गेल्याचं कानावर होतं. गाव माहीत नव्हतं. शोधतो म्हणालो. शोधलं नाही. त्या वर्षी मला नोकरी लागली.

बाई मला पुन्हा भेटल्या त्या दशकाच्या अखेरीला, जामखेडला. मी ऑफिसच्या कामाला गेलो होतो. दुपारी बसस्टँडमागच्या गल्लीतून जाताना एका दारातून आवाज आला, "काय रं, कागदवाल्या." पाय लांब करून उंबऱ्याशी बाई बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. मला त्यांनी चालीवरून ओळखलं म्हणे.

मी आत गेलो. बहिणीनं चहा केला. तात्या दोन वर्षांपूर्वी गेल्याचं मी सांगितलं, मुलानं बाईंची चौकशी केली होती तेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग मी इतकी वर्षं मनात धरलेलं बोलायला लागलो. की मी तो रकाना कोरा सोडायला नको होता. की आता मला त्यांची पद्धत समजते, आधी हाताची लाज घालवायची, जातीची घालवायची, मग अक्षर. की त्या काळाच्या पुढं होत्या. बरंच काही. मोठ्या शहरातल्या एका शिबिरात मी असली भाषा शिकून आलो होतो.

बाई हसायला लागल्या.

"पद्धत कसली? ते मी तुला गप करायला सांगायची." मग त्या म्हणाल्या, "माझे बाबा दगड फोडायचे. आमी धम्म घेतला तवा मी बारा वर्षांची. त्याच्याआधीपासून बाबा सांगायचे, आपल्याला खेळायला येळ न्हाई, आपल्याला लई लांब जायचंय. वस्तीतली पोरं खेळायची अन् मी चिमणीपुढं पुस्तक घेऊन बसायची. बाबांचं चुकलं न्हाई. त्यांनी बसवलं म्हणून तर मी बाई झाले. पण मला अक्षरं लवकर मिळाली, खेळ मिळाला न्हाई. बालवाडीत वाटलं, आता खेळू. पर तिथली पोरं मला बाई म्हणायची. बाईला कोण खेळायला घेतं?"

मी विचारलं, मग पडवीतल्या माणसांना तुम्ही शिकवत नव्हता?

"शिकवायची की. सरकारचं काम हुतं. पर मला तिथं जायची ओढ त्याच्यासाठी नव्हती. मला खेळायला गडी पाहिजे हुते. हौसालाबी खेळ म्हाईत नव्हता, मलाबी नव्हता. आमी दोघी एकदमच शिकलो. तुज्या कागदात ते कुठं लिहिणार हुतास?"

म्हणजे तक्रार खरी होती? की मीच तेव्हा बरोबर होतो आणि आता चुकत होतो? ज्या बाईंवर मी अन्याय केला असं समजून मी इतकी वर्षं जड मनानं हिंडलो, त्या माझ्यासमोर बसून सांगत होत्या की त्या नुसत्या खेळत होत्या. आणि तरीही तात्यांनी 'ढवळ्या' लिहिलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी हे सगळं त्यांना विचारणार होतो. पण बाईंनी कमरेची चंची सोडली आणि फरशीवर पाच सागरगोटे टाकले.

"येतंय का?"

मी म्हटलं, हा मुलींचा खेळ, मला नाही येत. त्या म्हणाल्या, मलाही गेल्या वर्षीच आला, शेजारच्या पोरींकडून. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत दुसरा उचलायचा, उचलताना तिसऱ्याला धक्का लागला की डाव गेला. एवढंच. मी मांडी घालून फरशीवर बसलो. पहिले चार डाव माझे लगेच गेले. पाचव्याला जमलं. मग बाईंची पाळी आली. एक उडवला, दोन उचलले. पुन्हा उडवला, आणि उचलताना त्यांच्या करंगळीनं कडेचा गोटा हलला. अगदी केसभर. त्यांनी तो नुसत्या बोटानं जागेवर सरकवला आणि पुढं खेळायला लागल्या.

"हलला," मी म्हणालो.

"न्हाई हलला."

"हलला. मी बघितला. तुमचा डाव गेला."

"तुला काय दिसतंय? चष्मा लावतोस."

"तुम्हाला मोतीबिंदू आहे. बाई, हे चालणार नाही. हलला म्हणजे हलला. द्या इकडं."

माझा आवाज इतका चढला होता की चुलीपाशी बसलेली बहीण बाहेर येऊन बघायला लागली. मी हात पुढं केलेला होता. बाईंनी मूठ घट्ट मिटली आणि पाठीमागं लपवली.